सीईटीच्या मॉकमध्ये हात गार पडतात, काय करू?

पीसीएम_लातूर
घरी सीईटीची (इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेची) मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली की २०० पैकी १३०-१३५ येतात आरामात. पण क्लासच्या लॅबमध्ये परवा दिली तर ९२!! फिजिक्सचा पहिलाच प्रश्न सुटेना, त्यातच सात-आठ मिनिटं गेली असतील, मग स्क्रीनवर वरती घड्याळ उलटं पळताना दिसलं आणि हात गार, पोटात गोळा, पुढचे येणारे प्रश्नसुद्धा तीनतीनदा वाचून डोक्यात शिरेनात. पप्पा म्हणतात टेन्शन घेऊ नकोस. अहो पण नाही घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही ना. १७ दिवस राहिलेत.

हॉस्टेलवाला
सेम झालेलं माझं, आता थर्ड इयरला आहे. आधी हिशोब बघ, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एकाला ५४ सेकंद. तू एका मार्काच्या प्रश्नात आठ प्रश्नांचा वेळ घातलास. केमिस्ट्री आधी घे, तिथं वाचलं की येतं किंवा येत नाही, ३० मिनिटांत उरकते, उरलेला तासभर फिजिक्सला. नाही सुटला की कुठलाही एक ऑप्शन टिक कर, रिव्ह्यूला टाक आणि पुढे जा. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, कोरा ठेवलास तर तो गाढवपणा. आणि ९० मिनिटं संपली की मॅथ्स उघडतं, मग मागे येता येत नाही, त्यामुळे रिव्ह्यूवाले तिथल्या तिथेच बघून घे. मॅथ्समध्ये ५० प्रश्नांना परत ९० मिनिटं, दोन-दोन मार्काचे, तिथं श्वास घ्यायला जागा आहे.

वैतागलेला_रिपीटर
केमिस्ट्री आधी हे सगळ्यांना लागू नाही भाऊ. माझी केमिस्ट्री कच्ची, मागच्या वर्षी सगळ्यांचं ऐकून तीच आधी घेतली आणि सुरुवातीलाच खचलो. जो विषय पक्का तो आधी घे. आणि शिफ्ट अवघड गेली म्हणून तिथंच रडू नको, पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहेस ते) शिफ्टप्रमाणे काढतात, तुला अवघड तर शेजारच्यालाही अवघडच.

काकू_नाशिक
बाळा, माझ्या मुलीचंही असंच व्हायचं. घरी पंख्याखाली, मधेच चहा, आई हाक मारतेय, ती मॉक नव्हेच गं. तुझी शिफ्ट सकाळी ९ ची असेल तर रोज ९ ला बस, दुपारी २ ची असेल तर जेवून २ ला बस (तेव्हा झोप येते ते आत्ताच कळू दे), कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत, तीन तास उठायचं नाही. हात गार पडले की उपाय सोपा आहे, चार मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर, असं पाच वेळा. श्वास सोडणं लांबवलं की छातीतली धडधड उतरते. मिनिटभर जातं पण सात मिनिटं वाचतात. फक्त हे रोजच्या मॉकमध्ये करून बघ, थेट परीक्षेत आठवणार नाही. आणि रात्री झोपच लागत नाही, जेवण जात नाही असं रोज व्हायला लागलं तर घरात सांग, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पीसीएम_लातूर
थँक्यू सगळ्यांना. काकू तुमचा श्वास पहिल्यांदा केला तर चक्क हसूच आलं, पण हात गार नाही पडले. आज लॅबमध्ये ११४. तीन ठिकाणी अडकले, दोन सोडले, तिसरा काही हातातून सुटेना, चार मिनिटं गेली. पप्पांना टेन्शन हा शब्दच वापरायला बंदी घातलीय 😄

हॉस्टेलवाला
तिसरा कुठल्या धड्यातला?

पीसीएम_लातूर
रोटेशनल 🙈

वैतागलेला_रिपीटर
मग चार मिनिटांत सुटलीस हेच खूप झालं