मदत हवी आहे: कंपनीचं नवं अ‍ॅप आलं, पण कामाचं बोलणं अजून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच

नमस्कार मंडळी,

आमच्या कंपनीत अंतर्गत संवादासाठी नवं अ‍ॅप सुरू झालं आहे. चॅनेल (एकेका विषयाचा वेगळा गट), थ्रेड (एका मेसेजखालीच त्याची उत्तरं), फाइल, शोध, सगळं एकाच ठिकाणी. मी एचआरमध्ये आहे आणि लोकांना त्यावर आणायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तुमच्यापैकी बरेच जण अशा बदलातून गेले असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे ऑफिसचा स्टाफ आहे आणि तीन पाळ्यांत चालणारा उत्पादन विभाग आहे. ऑफिसवाल्यांकडे लॅपटॉप आणि कंपनीचा ईमेल असतो. पाळीतल्या लोकांकडे फक्त स्वतःचा फोन. आजवर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालत आलं: विभागाचा ग्रुप, पाळीचा ग्रुप, सुपरवायझरांचा ग्रुप, आणि साहेब नसलेला एक ग्रुप. तो शेवटचा ग्रुप असावाच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

खरी अडचण पाळी बदलताना दिसते. सुपरवायझर रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्यात खाली कोपऱ्यात एक ओळ असते, ‘चार नंबरचं बेअरिंग आवाज करतंय, लक्ष ठेवा’. पाठोपाठ कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात आणि पुढच्या पाळीचा माणूस ग्रुप उघडेपर्यंत ते पान कुठल्या कुठे वर गेलेलं असतं. फोटोतलं हस्ताक्षर सर्चमध्ये सापडत नाही. मग तो आधीच्या पाळीतल्या माणसाला फोन लावतो आणि रात्रभर काम करून नुकताच झोपलेला माणूस उठतो. हे नेहमीचंच झालं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

नव्या अ‍ॅपवर यासाठीच ‘पाळी बदल’ असं स्वतंत्र चॅनेल आहे. मेंटेनन्सचे एक फिटर तिथे नेमाने लिहितात: मशीन कोणतं, काय बिघडलं, कोणत्या नंबरचा पार्ट टाकला. मध्यंतरी तेच मशीन पुन्हा अडलं तेव्हा त्यांनी जागेवर उभ्या उभ्या शोधलं आणि पार्ट नंबर लगेच मिळाला. आजूबाजूचे सगळे ‘अरे वा’ म्हणाले आणि संध्याकाळी पुन्हा ग्रुपवर फोटो!

प्रशिक्षण झालं, पोस्टर लागले, मराठीतून एक पानी माहितीपत्रक वाटलं. वरून बक्षीस योजनाही आली. तेवढा आठवडा चॅनेलवर ‘गुड मॉर्निंग’चा पाऊस पडला आणि बक्षिसं वाटून झाल्यावर पुन्हा शुकशुकाट.

या विषयावर थोडं वाचलं. फ्रेड डेव्हिस या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडलेलं एक मॉडेल आहे. माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारताना दोन गोष्टी बघतो: हे माझ्या कामाला उपयोगी आहे का, आणि वापरायला सोपं आहे का. आमचं सगळं प्रशिक्षण ‘सोपं आहे’ हे पटवण्यात गेलं. पण जे लोक रोज फोनवर व्हिडिओ कॉल करतात, पैसे पाठवतात, त्यांना अ‍ॅप अवघड जात असेल असं मला वाटत नाही. अडतंय ते उपयोगापाशी. संवादाच्या साधनाची गोमच अशी की समोरचा तिथे नसेल तर ते कितीही चांगलं असलं तरी माझ्या कामाचं नाही.

आणि समोरचा म्हणजे साहेब. कोणी नव्या अ‍ॅपवर प्रश्न विचारला की उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. प्लांट हेड सकाळी जुन्या ग्रुपवरच विचारतात, ‘काल किती निघालं?’ मग सगळे तिकडेच धावणार. लोकांना दोष कसा द्यायचा?

दुसरा मुद्दा स्वतःच्या फोनचा. ‘कंपनीचं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये का? माझे फोटो दिसतील का? सुट्टीतही वाजत राहणार का?’ हे प्रश्न मला अगदी रास्त वाटतात आणि ‘काळजी करू नका’ एवढ्या उत्तरावर त्यांची बोळवण करायची नाही.

तिसरी शंका जुन्या लोकांची, हेही काही दिवसांनी बंद पडेल. यातही तथ्य आहे. मेटासारख्या (फेसबुकवाल्या) कंपनीने २०१६ मध्ये आणलेलं वर्कप्लेस हे असंच ऑफिसच्या संवादाचं अ‍ॅप बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलंच की.

तर माझे प्रश्न असे. वरिष्ठांना नव्या अ‍ॅपवर आणायचं कसं, तेही माझ्यासारख्या खालच्या पदावरच्या व्यक्तीने? जुने ग्रुप एका ठरावीक तारखेला बंद करावेत की आपोआप थंडावू द्यावेत? आणि ज्यांना स्वतःच्या फोनवर अ‍ॅप नकोच आहे त्यांच्यासाठी तुमच्याकडे काय सोय केली? प्रत्यक्ष करून पाहिलेलं कळलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

सगळं एकदम हलवायला जाऊ नका. एकच काम निवडा आणि ते पूर्णपणे नव्या जागी न्या. तुमच्या लिहिण्यावरून ते काम पाळी बदलाचंच असायला हवं, कारण त्रास तिथे रोजचा आहे आणि फायदा दुसऱ्याच दिवशी दिसतो.

साहेबांना अ‍ॅपचे गुण सांगत बसू नका. ‘सर, सकाळचा तो एक प्रश्न तुम्ही चॅनेलवर विचाराल का?’ एवढंच मागा. पहिले काही दिवस त्यांच्या शेजारी उभं राहून अ‍ॅप उघडून द्यावं लागलं तरी द्या. आमच्याकडे साहेबांनी ग्रुपवर आलेल्या प्रश्नाला ‘चॅनेलवर टाका, तिथे उत्तर देतो’ असं म्हणायला सुरुवात केली, तिथून चित्र पालटलं.

ग्रुप एकदम डिलीट केलात तर लोक दुखावतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकेल अशी सेटिंग असते. तारीख आधी सांगा, त्या दिवशी ती सेटिंग लावा आणि नवीन चॅनेलची लिंक वर पिन करून ठेवा. जुनं वाचता येतं, नवं लिहिता येत नाही. आपोआप थंडावण्याची वाट बघू नका. दोन्हीकडे बघावं लागतं तोवर लोक वैतागतात आणि राग नव्यावर निघतो.

प्रतिसाद २

फोनच्या प्रश्नाला ठोस उत्तर आहे, आयटीला विचारा. अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल करता येतं. त्यात कंपनीची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, खासगी भागातले फोटो आणि मेसेज कंपनीला दिसत नाहीत, आणि ड्यूटी संपली की तो कप्पा एका बटणावर बंद. हे प्रत्येकाला त्याच्या फोनवर करून दाखवा. कागदावर लिहून कोणाचं समाधान होत नाही.

ज्यांना तरीही नको, त्यांच्यासाठी पाळी बदलतात त्या जागी एक सामाईक टॅबलेट भिंतीला लावा. तिथे प्रत्येकाचं लॉगिन झटपट होईल एवढं मात्र पाहा, नाहीतर सगळे एकाच्याच नावाने लिहितात आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही.

सुट्टीतल्या मेसेजबद्दल लेखी नियम करा. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मोकळं राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. तुम्हाला कायद्याची वाट बघायची गरज नाही, वरिष्ठांच्या सहीचं एक पत्रक पुरेल.

प्रतिसाद ३

मॅडम, मी स्वतः पाळीत काम करतो म्हणून सांगतो. लोकांना अ‍ॅपची भीती नाही, लेखी राहण्याची आहे. चॅनेलवर ‘मशीन माझ्या पाळीत बंद पडलं’ असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून मेमो आला, तर पुन्हा कोण लिहील? पहिल्यांदा कोणी बिघाड खरा लिहिला की साहेबांनी तिथेच, सगळ्यांसमोर ‘कळवलंत ते बरं केलंत’ म्हणावं. आणि आमचा गप्पांचा ग्रुप आम्हाला राहू द्या.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. लेखी राहण्याचा मुद्दा आमच्या एकाही बैठकीत आला नव्हता आणि मला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. प्लांट हेडशी बोलताना सुरुवात त्यापासूनच करणार आहे: पाळी बदलाच्या नोंदीवरून कुणावर कारवाई होणार नाही, हे त्यांनी स्वतः लिहून द्यावं. ते मिळाल्याशिवाय जुन्या ग्रुपला हात लावणार नाही. गप्पांच्या ग्रुपला तर नाहीच. टॅबलेटचं आयटीशी बोलते.

एक राहिलंच. जुन्या ग्रुपमध्ये रजिस्टरच्या पानांचे ढीगभर फोटो आहेत आणि त्यात मशीनचा बराच इतिहास आहे. ते नव्या अ‍ॅपवर कोणी हलवले आहेत का? सगळे तसेच उचलून टाकावेत, की कामाच्या नोंदी निवडून टाइप करून घ्याव्यात? टाइप करायच्या तर ते काम कोणाला दिलंत?