पंखांच्या गाड्या: वायुगतिकी की निव्वळ नखरा?

खटारा: १९५० च्या दशकातल्या अमेरिकी कॉन्सेप्ट गाड्यांना, म्हणजे प्रदर्शनासाठी बनवलेल्या नमुना गाड्यांना, लोक सर्रास 'वायुगतिकीय' (वारा सहज कापणाऱ्या) म्हणतात. मला तो शुद्ध देखावा वाटतो. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे पंख फुटले ते लॉकहीडचं पी-३८ हे लढाऊ विमान पाहून. १९५१ ची ब्यूक ल सेबर घ्या. नाकावर जेट इंजिनासारखं लंबगोल तोंड आणि त्यात लपवलेले हेडलाइट! जनरल मोटर्सचा मुख्य डिझायनर हार्ली अर्ल याला वारा कापायचा नव्हता, मोटोरामा या कंपनीच्या गाड्यांच्या प्रदर्शनातली गर्दी खेचायची होती.

फिरकी: सरसकट नको हो. जनरल मोटर्सच्याच फायरबर्ड १ (१९५३) मध्ये ३७० अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन होतं. बाजूच्या आखूड पंखांना वेग कमी करायला फ्लॅप होते. टर्बाइनच्या गाडीत पाय उचलला की इंजिन फारसं रोखत नाही, त्यामुळे हे फ्लॅप उगाच नव्हते.

खटारा: ती चाकं लावलेलं डग्लस स्कायरे हे लढाऊ विमानच होती, मान्य. पण मग १९५८ च्या फायरबर्ड ३ ला सात पंख कशाला? एकाने काम होत नव्हतं?

मीटरडाऊन: क्रायस्लरचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर विसरलात. आडव्या वाऱ्यात पंखांमुळे गाडी सरळ राहते, असा कंपनीचा दावा होता. तत्त्व चूक नाही, बाणाला मागे पिसं लावतातच की.

खटारा: तत्त्व बरोबर, वेग कुठला? बाजारहाटाच्या वेगाला त्या पत्र्याचा उपयोग नगण्य. आणि १९५९ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचे पंख इतके उंच झाले ते क्रायस्लरशी चढाओढीत. पुढच्या काही वर्षांत ते खुजे होत गेले. खरंच कामाचे असते तर कोणी काढले असते?

फिरकी: कामाचे होते तिथे ठेवलेच की! जॅग्वार डी-टाइपच्या चालकाच्या डोक्यामागे एकच उभा पंख, फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीच्या लांबलचक सरळ रस्त्यासाठी. १९५५ ते ५७ सलग तीनदा जिंकली. बर्टोने या इटालियन डिझाइन कंपनीच्या बॅट ७ चे मागचे पंख आत वळलेले, रोध गुणांक (हवेच्या अडथळ्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ०.१९.

खटारा: एक ब्रिटिश, एक इटालियन. माझंच म्हणणं मांडताय.

मीटरडाऊन: कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीलाही मागे बारीक पंख होते. सायनच्या सिग्नलला तिचा तोल कधी गेला नाही, याचं श्रेय द्या बुवा.

फिरकी: विषय भरकटवू नका. खटारा, फ्लॅपचं उत्तर अजून दिलेलं नाही तुम्ही.