रीब्रीदर (सोडलेला श्वास गाळून परत वापरणारा डाइव्हिंग सेट) घेऊ का, की साध्या सिलिंडरवरच राहू?

खोलपाणी: २००च्या वर डाइव्ह झाल्यात, बहुतेक नेत्राणी नि अंदमान. आता पॅसिफिकमधल्या ट्रक लगूनला बुडालेली जहाजं बघायला जायचंय (त्याला हल्ली ‘चूक’ म्हणतात, नाव बघा), तिथल्या सॅन फ्रान्सिस्को मारू जहाजाचा डेकच ५० मीटरवर आहे. रीब्रीदर परवडेल का?

दर्यावर्दी: युनिटचे लाखो सोड रे, खरा खड्डा नंतर पडतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा अडीच किलोचा डबा तीनेक तासांत बाद, ऑक्सिजन मोजणारे सेल वर्षाला बदलायचे, आणि कोर्स ज्या मॉडेलवर केलास त्याच्यापुरताच. वर्षाला दहा डाइव्ह करणार असशील तर कपाटात धूळ खाईल.

मालवणकर: पण हेलियमचा हिशोब कर ना, खोल डाइव्हच्या गॅसमध्ये तोच महागडा. ५५ मीटरवर साध्या सेटमधून मिनिटाला १३० लिटर गॅस बुडबुड्यांत जातो, रीब्रीदरवर ऑक्सिजन एखादा लिटर, खोली कितीही असो. बेलआउट सिलिंडर (रीब्रीदर बिघडला तर वर यायला) मात्र न्यावेच लागतात. मी एकदा पहाटे साडेपाचला चेकलिस्ट करत बसलो, तिसरा सेल कमी दाखवत होता, सगळे गेले पाण्यात आणि मी बोटीवर चहा पीत.

खोलपाणी: चहाचं ऐकून धडकी भरली. आधी एक ट्राय डाइव्ह घेतो.