कोफ्ते फुटू नयेत म्हणून

तुर्की कोफ्ते, म्हणजे खिम्याच्या टिक्क्या, तव्यावर फुटतात, अशी अनेकांची तक्रार असते; त्याचे कारण बहुधा कांद्याचे पाणी असावे. अर्धा किलो खिम्याला एक मध्यम कांदा किसून मुठीत घट्ट पिळावा आणि तो खिम्यात मिसळून त्यात शिळ्या पावाचा चुरा, जिरेपूड, मिरपूड, मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, खिमा हाताला चिकटू लागेपर्यंत मळावा; अंड्याची गरज पडत नाही. खिमा अगदी बिनचरबीचा मात्र नको, कारण इस्तंबूलच्या गाड्यांवर चिरलेला पाव कोफ्त्यांशेजारी उपडा दाबतात, तो ती सुटलेली चरबी शोषण्यासाठीच. (तुर्कीत पावाला ‘एकमेक’ म्हणतात, हे आपल्याला गमतीचे वाटते.) कोफ्ते या पावात भरले की वर टोमॅटो, सुमाक (आंबट चवीची लालसर पूड) चोळलेला कांदा आणि लोणच्यातली हिरवी मिरची पुरे, मेयोनीज नकोच.