मदत हवी आहे : नेट नसलेल्या वर्गासाठी मराठी ॲप कोणतं घ्यावं?

नमस्कार शिक्षक बंधूभगिनींनो, माझ्याकडे जिल्हा परिषद शाळेत चौथी आणि पाचवी एकत्र बसतात, शाळेत एक टॅब आणि एक टीव्ही आहे, पण रेंज कधी येते कधी जाते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर व्हिडिओ मिळतात, ते मी घरूनच डाउनलोड करून आणते, तेवढं जमतं. पण व्हिडिओ बघून पोरं नुसती बसून राहतात हो, मला त्यांच्याकडून काहीतरी करून घ्यायचंय!

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग ॲप बघितलं, मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून अडलेला शब्द सांगतं, मराठीपण आहे. पण वर्गात सगळी एकदम बोलत असताना त्याला नीट ऐकू येतं का? कुणी वापरलंय का?

खरी अडचण अपूर्णांकाची आहे, छेद मोठा म्हणजे संख्या मोठी असंच मुलांना वाटतं, १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणतात. फेट (PhET) या संकेतस्थळाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः हलवून बघायची गणित-विज्ञानाची चित्रं, मराठीत आहेत आणि फाईल उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात असं दिसतंय, पण टीव्हीवर दाखवून एकेकाला पुढे बोलवायचं की गटात टॅब फिरवायचा?

आणि प्लिकर्स, ज्यात मुलं उत्तर द्यायला कागदी कार्ड धरतात आणि फक्त शिक्षकाचा मोबाईल लागतो, ते रेंज नसताना चालतं का? जाहिराती असलेलं किंवा मुलांचा नंबर मागणारं ॲप नकोच. प्लीज स्वतः वर्गात वापरलेलंच सांगा.