नडगीच्या हाडातली गॅप जेलने भरते का?

प्रश्न: भावाच्या नडगीत ॲक्सिडेंटनंतर गॅप राहिलीय, डॉक्टर म्हणतात कमरेचं हाड काढून भरू, पण मी हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) आणि हायड्रॉक्सीअपेटाइट (हाडात असतं तसलं कॅल्शियम-फॉस्फेट खनिज) मिसळलेल्या मटेरियलबद्दल वाचलं, एवढं मऊ जेल वजन कसं पेलणार?

उत्तर १: पेलत नाहीच, वजन हाडाला बसवलेली धातूची प्लेट नाहीतर रॉड घेतो. आपलं हाडही कंपोझिटच, म्हणजे मिश्र पदार्थच आहे की, वजनात साधारण 65 टक्के खनिज आणि बाकी मुख्यतः कोलॅजन (एक प्रोटीन) नि पाणी. जेल पेशींना ओलावा आणि वाढायला जागा देतं, खनिज कॅल्शियम-फॉस्फेट पुरवतं, नुसतं हे खनिज (सिरॅमिक) घातलं तर ते ठिसूळ.

उत्तर २: वरच्यांशी सहमत. फक्त कुठलं खनिज ते बघ, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (असंच दुसरं खनिज) लवकर विरघळतं, हायड्रॉक्सीअपेटाइट वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं, म्हणून बरेचदा दोन्ही मिसळतात. आणि मटेरियलमधली छिद्रं! फार बारीक असली तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत, 300 मायक्रॉनच्या (0.3 मिलिमीटर) आसपास असली तर बरं, रक्त पोचलं नाही तर मधे हाड धरतच नाही.

उत्तर ३: मोठ्या गॅपला कमरेचं हाड अजूनही पहिली पसंती आहे रे, त्यात जिवंत पेशी असतात. डॉक्टरांना गॅप किती सेंटीमीटर आहे आणि आत इन्फेक्शन उरलंय का ते नक्की विचार, असेल तर आधी ते साफ करावं लागतं. भाऊ सिगरेट ओढत असेल तर आजच बंद कर म्हणावं.