ड्रेन बोल्टचा वॉशर: दर वेळी नवा की चालतोय तोवर जुना?

घोडबंदरवाला: काल एका महाशयांनी इथे ज्ञान पाजळलं की घरी गाडीचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल खाली सोडायचा बोल्ट) वॉशर बदलणं ही स्पेअरपार्टवाल्यांनी काढलेली टूम आहे. गप्प बसणार होतो, पण खाली लोकांनी माना डोलावल्या, म्हणून लिहितोय. अहो, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर मऊ असतो तो उगीच नाही. बोल्ट आवळला की तो दबतो आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तोंडावरचे बारीक ओरखडे भरून काढतो. एकदा दबला की त्याचं काम झालं. तोच परत लावला की बोल्टाखाली ओलसर कडा दिसायला लागते, मग माणूस पान्याला पाइप अडकवून आणखी एक पीळ देतो. चेंबर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. आटे कोणाचे जाणार? वडापावच्या पैशात येणारी चकती वाचवा आणि चेंबर बदलत बसा!

जुना नेरूळकर: ते महाशय मीच. एवढं तापायला काय झालं? माझ्या गाडीला वर्षानुवर्षं तोच वॉशर आहे. खाली पुठ्ठा टाकून बघतो, थेंब नाही. आटे जातात ते हाताला अंदाज नसल्यामुळे. गॅरेजमध्ये पोरं एअर गनने बोल्ट ठोकून बसवतात, त्यावर लिहा की चार ओळी.

वर्तकनगर: तांब्याचा असेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, पुन्हा मऊ होतो. वरून पॉलिश पेपर मारा. आमचे वडील हेच करायचे.

घोडबंदरवाला: हे वाचून कोणी अॅल्युमिनियमचा गॅसवर धरू नका. ६६० अंशांना वितळतो, आणि आधी लाल होऊन इशाराही देत नाही.

कोपरखैरणे सी विंग: वॉशर राहू द्या, हे उद्योग तुम्ही करता कुठे? आमच्याकडे एक गृहस्थ पार्किंगमध्येच गाडी स्टँडवर चढवतात. पेव्हर ब्लॉकवर काळे डाग, जुनं ऑइल पावसाळी गटारात. गटार जातं खाडीत. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगोंचे फोटो टाकायला मात्र सगळे पुढे.

जुना नेरूळकर: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी ऑइल डब्यात भरून सेंट्रिंगवाल्याला देतो, स्लॅबच्या साच्याच्या प्लेटांना लावायला.

कोपरखैरणे सी विंग: वा! गटाराऐवजी बांधकामाच्या मातीत. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइलही मोडतं, माहीत आहे ना?

वर्तकनगर: आमच्या सेक्रेटरींच्या पाहुण्यांच्या गाड्या फायरब्रिगेडच्या वाटेत उभ्या असतात, ते चालतं. मी रविवारी जॅक लावला की लगेच ग्रुपवर फोटो. गाडी धुवायलाही बंदी! मेंटेनन्स कशाचा भरतो आम्ही?

कोपरखैरणे सी विंग: फोटो मीही टाकला असता.

वर्तकनगर: तुमच्यासारखेच कमिटीत जाऊन बसतात.

जुना नेरूळकर: अहो, भांडण वॉशरचं होतं. घ्या, पुढच्या वेळी नवा लावतो, घोडबंदरकरांच्या समाधानासाठी. हार घालायला या.

घोडबंदरवाला: येतो, पेढे तयार ठेवा. एअर गनचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे, नाइलाजाने कबूल. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते, दिलेला असतो, लहान गाड्यांना साधारण ३५-४० न्यूटन-मीटर. आणि नवा लावण्याआधी चेंबरच्या तोंडाला नख लावून बघा. जुना वॉशर कधीकधी तिथेच चिकटून राहतो, तेलाने काळा पडलेला असल्यामुळे दिसत नाही. एकावर एक दोन बसले आणि गळायला लागलं, की 'बघा, नवा वॉशर लावूनही गळतंय' म्हणत तुम्हीच परत इथे याल.

कोपरखैरणे सी विंग: आणि तो ऑइलचा डबा? त्याचं उत्तर कोणीच दिलेलं नाही.